फितीआडची खोली

आरोग्य ही माणसाची सर्वांत मोठी संपत्ती आहे, असे म्हणतात. आणि संपत्ती म्हटली की तिच्यावर विश्वस्त नेमावेच लागतात. नाहीतर ती ज्याची असते तोच वापरून टाकतो. या थोर विचारातून आमचे ‘जनारोग्य संवर्धक मंडळ, नागपूर’ स्थापन झाले. मी त्याचा चिटणीस. हे पद मी मागितले नव्हते. स्थापनेच्या सभेत पेन फक्त माझ्याच खिशात निघाले.

मंडळाचा धर्मार्थ दवाखाना इतवारीच्या मागे, विणकरांच्या वस्तीत आहे. अध्यक्ष गणपतराव, इतवारीतले धान्याचे ठोक व्यापारी. उपाध्यक्ष मनोहरराव कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायची आहे. महिला प्रतिनिधी म्हणून यमुताई, आणि चौथा मी. शिवाय सिंधूताई नावाच्या नर्स आहेत, पण त्यांना मंडळात मत नाही. त्या फक्त काम करतात.

दवाखाना रोज सकाळी उघडतो. सभेच्या दिवशी मात्र तो बंद असतो, कारण सभा तिथेच भरते आणि रोग्यांच्या खोकण्यात ठराव ऐकू येत नाहीत. (सभेच्या दिवशी दवाखान्यात एकही रोगी आढळत नाही, असे मंडळाच्या पाहणीत दिसून आले. त्यावरून वस्तीतला रोग हटवायचा तर सभा वाढवाव्यात, अशी मनोहररावांची सूचना होती व ती विचाराधीन आहे.) सभेला पाच खुर्च्या मांडतात. चार आमच्या आणि पाचवी, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, प्रमुख पाहुण्यांची. ती दाराशेजारी असते, पाहुणे अचानक आले तर त्यांना शोधावी लागू नये म्हणून. पाहुणे अजून अचानक आलेले नाहीत, पण तयारी असावी.

चौऱ्याहत्तर साली गणपतरावांच्या औदार्याने दवाखान्याच्या मागच्या अंगाला बाळंतपणाची खोली बांधून झाली. तिच्यात पलंग होता, गादी होती, दिवा लागत होता आणि नळाला चक्क पाणी येत होते. म्हणजे सगळे तयार होते, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू झाली. तयार झालेली वस्तू वेगळी आणि सुरू झालेली वस्तू वेगळी. दोहोंच्या मध्ये उद्घाटन असते.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, की नागपुरात उद्घाटनांचा हंगाम असतो, संत्र्यांचा असतो तसाच. डिसेंबरात इथे विधानसभेचे अधिवेशन भरते, मंत्री मुक्कामाला येतात आणि जेवणे झाल्यावर मोकळे असतात. मग वर्षभर गल्लीबोळांतून तयार होऊन बसलेल्या व्यायामशाळा, वाचनालये, पाणपोया यांचे भाग्य उजळते. आमच्या ओळखीच्या एका मुतारीचे उद्घाटन मी स्वतः पाहिले आहे. ती वस्ती मोठी संयमी होती. तिने सबंध पावसाळा धीर धरला होता.

तेव्हा आमच्या खोलीचे उद्घाटनही डिसेंबरात आणि मंत्र्यांच्याच हस्ते करावे, यावर विचार करण्यासाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सभा भरली. सभा सुरू होते न होते तोच सिंधूताई एका बाईला घेऊन दारात आल्या. ती अनुसया, शालिकराम विणकराची बायको. तिला आठवा लागला होता. तिचे म्हणणे ऐकून घ्यावे असा ठराव एकमताने मंजूर झाला.

“घरात मागाचा खड्डा आहे जी,” अनुसया म्हणाली. “उरल्या जागेत सासू आहे. मी बाळंत कुठी होऊ? थे खोली मले द्या.”

विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, आणि त्यांचे घर म्हणजे त्या खड्ड्याभोवती चालण्यापुरती सोडलेली जागा. मागच्या खेपेला ऐन वेळी अनुसया आणि सुईण अशा दोघी त्या खड्ड्यात पडल्या होत्या. सुईण अजून लंगडते. मूल दगावले, आणि अनुसया कशीबशी वाचली. पुन्हा तसे झाले तर ही वाचायची नाही, असे सिंधूताईंनी सांगितले, आणि त्या इतक्या सरळ आवाजात बोलल्या की क्षणभर मलाही वाईट वाटले.

मनोहररावांनी तारीख विचारली. दिवाळीच्या आगेमागे, असे उत्तर आले. मंत्री डिसेंबरात येणार. म्हणजे दोन तारखांपैकी एक हलवणे भाग होते. अधिवेशनाची तारीख सबंध राज्यासाठी ठरलेली. ती चौघांच्या मंडळाने हलवणे औचित्याला धरून झाले नसते. मनोहररावांनी सरळ हिशेब मांडला की सरकारी तारीख अचल आणि खाजगी तारीख चल. त्यावर ‘लाभार्थींनी उद्घाटनापर्यंत सहकार्य करावे’ असा ठराव झाला. (चार मुलांची आई या नात्याने यमुताईंनी, असे सहकार्य आपल्या हातात नसते, असे मत दिले. ते अल्पमत म्हणून नोंदवले आहे.) अनुसयाला ठराव काही उमगला नाही. तेव्हा ती उत्तराची वाट पाहत चौकटीला धरून उभी राहिली, आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे फितीच्या रंगाकडे वळली.

फितीचा रंग हा वाटतो तितका सोपा विषय नाही. लाल फीत परंपरेला धरून, पण बाळंतपणाच्या खोलीवर लाल रंग दिसला की लोकांना कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो आणि ते दारातूनच माघारी फिरतात. यमुताईंनी हिरवा सुचवला. गरोदरपणात हिरवे लुगडे शुभ, हे कोणीही नाकारले नाही. पण हिरवा एका पक्षाचा निघाला. भगवा दुसऱ्याचा निघाला. निळ्याचे तर दोन पक्ष निघाले आणि त्यांचे आपसात पटत नव्हते. पांढरा कशाचा, ते सांगायची गरज पडली नाही. पिवळा हळदीचा म्हणून पसंत पडत होता, तेवढ्यात मनोहररावांना आठवले की कावीळ झालेले रोगी याच दवाखान्यात येतात आणि त्यांना तो टोमणा वाटेल. नारिंगी हा आमच्या नागपूरचा हक्काचा रंग, पण तो लांबून भगवा दिसतो आणि मंत्री लांबूनच येणार होते. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा वांगी रंगावर एकमत झाले. वांग्याला पक्ष नाही, एवढेच काय ते त्याच्या बाजूने सांगता येत होते. तरीही यमुताई घरी जाईपर्यंत हिरवाच बरा म्हणत होत्या, आणि खरे सांगायचे तर मलाही हिरवाच आवडला होता.

आता फीत विणायची कोणी? गणपतरावांनी लोकसहभागाचा मुद्दा काढला. आपण विणकरांच्या वस्तीत आहोत, तेव्हा फीत हातमागाची हवी. आणि विणकराची बायको समोरच आहे, तर काम तिच्याच नवऱ्याला द्यावे. अशा रीतीने अनुसया मंडळाच्या दारातून रिकाम्या हाताने परतली नाही. नवऱ्यासाठी काम घेऊन परतली.

कोजागिरीच्या तिन्हीसांजेला पुढची सभा झाली. गणपतरावांनी दूध ठेवले होते. व्हरांड्यात स्टोव्हवर ते आटत होते. फितीची रंगीत तालीम करायची होती, म्हणून नवी कोरी कात्री हळदकुंकवाच्या ताटात ठेवली होती. शालिकराम फीत घेऊन आला. रंग वांगी, काठ रेशमी, वीण अशी की हात फिरवत राहावे. पण फीत नऊवार होती.

मनोहररावांनी कारण विचारले. शालिकराम म्हणाला, “ताणा लुगड्याचाच राह्यते जी. आमचा माग दाराचं माप घेत नाही.”

दार तीन फुटांचे आणि फीत नऊवार. आधीच कापून लहान करावी, अशी सूचना मी केली, पण उद्घाटनापूर्वी फीत कापणे म्हणजेच उद्घाटन, हे मनोहररावांनी नजरेस आणून दिले आणि मी ती मागे घेतली. शेवटी फीत दारावर एका खिळ्याकडून दुसऱ्या खिळ्याकडे अशी आडवी, उभी, तिरपी गुंडाळली. बाजेची वीण असते तसे दार दिसू लागले. आता मंत्र्यांनी या आठ पदरांतला कोणता कापायचा, आणि एक कापून बाकीचे राहिले तर खोली किती टक्के उघडली असे धरायचे, यावर चर्चा सुरू झाली. मनोहररावांचे म्हणणे साडेबारा टक्के.

एवढ्यात सिंधूताई अनुसयाला दोन्ही हातांनी सावरत घेऊन आल्या. ठरावाचा तिच्यावर परिणाम झालेला दिसत नव्हता. तिचा चेहरा घामाने भिजला होता. तिला पाहून शालिकराम उठला आणि दाराकडे गेला.

“मीच विणली जी,” तो म्हणाला. “मीच कापून देतो.”

गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते मनाने वाईट नाहीत. त्यांनी त्याला अगदी मायेने समजावले.

“विणाले कारागीर लागते गा,” ते म्हणाले. “कापाले मंत्री लागते.”

सिंधूताईंनी अनुसयाच्या डोक्यावर हात ठेवून तिला खाली वाकवले, फितीच्या सर्वांत खालच्या पदराखालून आत नेले, आणि मागोमाग स्वतः गेल्या. मनोहररावांनी चष्मा लावून फीत तपासली. ती कुठेही तुटली नव्हती. त्यावरून खोलीत कोणीही गेलेले नाही असा निर्वाळा त्यांनी दिला आणि आम्ही पुन्हा टक्केवारीकडे वळलो. आतून येणाऱ्या आवाजांमुळे चर्चेत थोडा व्यत्यय येत होता. शालिकराम मात्र फितीच्या विणीत बोटे अडकवून, दाराला कान लावून उभा होता.

मग फितीच्या दोन पदरांतून सिंधूताईंचा हात बाहेर आला.

“कात्री द्या जी. थे ताटातली.”

दवाखान्याची स्वतःची कात्री होती, नाही असे नाही. पण निमंत्रणपत्रिका कापून कापून आम्ही ती बोथट केली होती. मनोहररावांनी हाताला उद्देशून सांगितले, की ही कात्री उद्घाटनासाठी राखीव आहे.

“मंग आतमंदी काय होऊन राहिलं?” हाताने विचारले.

या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नव्हते. कात्री द्यावी की नाही यावर मतदान घ्यायचे ठरले, पण तोवर यमुताईंनी ताट उचलले होते. त्यांनी स्टोव्हवरचे दूध खाली उतरवले, पाणी चढवले, कात्री उकळली आणि हातात दिली. (त्यामुळे दूध नासले. ही बाब खेदपूर्वक नोंदवली आहे.) थोड्या वेळाने आत मूल रडले. कात्री चालली की टाळ्या वाजवायची आमच्या हातांना सवय, त्या वाजल्या. गणपतराव आभार मानायला उभे राहिले आणि कोणाचे मानायचे ते न कळून पुन्हा बसले. शालिकराम तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मलाही बरे वाटले. ते मी नोंदवले नाही.

आता प्रश्न असा, की जी खोली सुरूच झालेली नाही तिच्यात मूल जन्मेल कसे? दीर्घ चर्चेअंती हा जन्म तात्पुरता मानून उद्घाटनानंतर तो कायम करावा असे ठरले. डिसेंबरात आम्ही हार, संत्र्यांची करंडी आणि ती धुतलेली कात्री घेऊन सकाळपासून उभे राहिलो. मंत्री अमरावती रोडने वाडीला एका गोदामाच्या उद्घाटनाला गेले, तिथले जेवण आमच्यापेक्षा चांगले होते असे मागाहून कळले. पुढल्या वर्षी दुसरे मंत्री ठरले, तर त्यांचेच मंत्रिपद गेले. त्यानंतर पाहुणे मिळाले तेव्हा कात्री सापडली नाही.

थोडक्यात, फीत आजही जागेवर आहे. तिचा वांगी रंग उडून आता ती थोडी हिरवट दिसते, यावर यमुताई समाधानी आहेत. वस्तीतल्या बायका वेळ आली की तिच्याखालून वाकून आत जातात. सिंधूताईंनी खालचा पदर सुतळीने जरा वर बांधून घेतला आहे. त्या खोलीत आजवर झालेली सर्व बाळंतपणे सुखरूप आणि तात्पुरती आहेत. अनुसयाच्या मुलीचे नाव जयवंता. ती तिसरीत शिकते. मंडळाच्या लेखी ती अजून जन्मायची आहे, तरी वर्गात पहिली येते.

मनोहरराव आता मुलाकडे पुण्याला राहायला गेले आहेत आणि त्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. आपण यावे, अशी माझी इच्छा आहे. पात्रता काय लागते, असे आपण विचाराल, तर ती मी आपल्या नकळत आधीच तपासली आहे. फितीच्या रंगाची चर्चा आपण वर वाचलीत. हिरवा बरा की वांगी, हे मनाशी ठरवलेतही. ती चर्चा दिवेलागणीपर्यंत चालली, आणि तेवढा वेळ आठव्या महिन्यातली अनुसया चौकटीला धरून उभी होती. पाहुण्यांची खुर्ची तिच्यापासून हातभरावर रिकामी होती. या दोन्ही गोष्टी मी आपल्याला आधीच सांगितल्या होत्या. ‘बस वं बाई’ असे आमच्यापैकी कोणी म्हटले नाही.

आपणही म्हटले नाहीत. तेव्हा अर्ज वगैरे करायची गरज नाही. पुढच्या सभेला थेट या. खुर्ची पुसून ठेवली आहे.