टिटवीची दुर्बीण आणि दरबारचा शिक्का

एका जंगलात एक टिटवी होती. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. मागे एकदा सांगितलं आणि चांगलंच महागात पडलं.

तर बाळांनो, आभाळ कोसळलं तर पेलता यावं म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून आकाशाचं खातं तिच्याकडे होतं. तिने गरुडाच्या पाठीवर दुर्बीण बांधून पार हवेच्याही वर धाडली होती. पाच वर्षं ती एकाच दूरच्या दीर्घिकेचं केंद्र न्याहाळत होती. काम संपायला आणखी एक वर्ष हवं होतं आणि त्यासाठी वनराज सिंहाचा शिक्का हवा होता. शिक्का नाही मिळाला, तर पाच वर्षं पाण्यात!

ती दरबारात अहवाल वाचू लागली.

"दीर्घिकेच्या मधोमध कुणीतरी बसलंय. स्वतः दिसत नाही. जवळ येईल ते गिळतं."

दरबाराने कान टवकारले.

"भोवती धुळीचा जाड पडदा आहे. पण गिळण्याआधी जे तापतं, त्यातून क्ष-किरण निघतात. ते पडद्यातून आरपार येतात. म्हणून आम्हाला सगळं कळतं."

सशांनी हळूच सिंहाकडे पाहिलं. मग हरणांनी पाहिलं. सिंहाने घाईघाईने मिशीला लागलेलं पुसलं.

"बाई, हे कधीचं प्रकरण?"

"तिथून किरण इथवर यायलाच सहा कोटी वर्षं लागतात. म्हणजे सहा कोटी वर्षांपूर्वीचं, महाराज."

"इतकी जुनी फाइल बाहेर गेलीच कशी?" सिंह गरजला.

चिटणीस कोल्हा धावतच टिटवीपाशी आला. "अहो बाई, कशाला विस्तवाशी खेळता? 'केंद्र शांत आहे, पडदा सुंदर आहे,' एवढंच लिहा. शिक्का मी आणतो."

टिटवी रडली. पण काम तर पुरं करायचं होतं ना! तिने लिहून दिलं. शिक्का मिळाला. वर शाल-श्रीफळही मिळालं.

पुढच्याच आठवड्यात ते केंद्र असं भडकलं, की पाच वर्षांत कधी भडकलं नव्हतं. टिटवी आनंदाने किंचाळली. ज्यासाठी जन्म घालवला, ते समोर होतं.

शेजारी बसलेला कोल्हा जरासा खाकरला.

टिटवीने वहीत नोंद केली: "शांत."

मला तिचा राग येतो, बाळांनो, आणि कीवही येते. हसताय? हसा, हसा. तुमच्या वह्या अजून कोऱ्या आहेत.

तात्पर्य: नजर दूरवर असावी, पण इतकी दूरवर नको, की घरचं दिसू लागेल.