टिकलीची पाठवणी

वासराला दोरीनं चालवायला काय अक्कल लागते, असं मी बायकोसमोर बोलून गेलो आणि तिथंच फसलो.

झालं असं, की थोरल्या बद्रीभाऊची मुलगी, माझी पुतणी तृप्ती, लग्न होऊन हसनाबादला गेली. तिनं माहेराकडं फ्रिज मागितला नाही, टिकली मागितली. टिकली म्हणजे आमच्या धावडा गावच्या गोठ्यातली तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, हौसेनं आणलेल्या गाईची ही नात. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. गोठ्यात त्यांचं म्हणावं असं एवढंच उरलेलं, त्यामुळं ती सुखरूप पोचावी म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला.

अडचण एकच. संध्याकाळी टेम्पो येणार होता आणि टिकलीनं आजवर तोंडाला म्होरकी लावून घेतली नव्हती. (शहरवाल्यांसाठी सांगतो: नाक न टोचता जनावराच्या तोंडाभोवती बांधतात ती दोरी.)

"मी शिकवतो. लहानपणी दादांसोबत किती वासरं चालवलीत!"

"घरातला मिक्सर तुमचं ऐकत न्हाई," बायको, शीतल, म्हणाली.

म्होरकी चढली. मी ओढलं, टिकली खाली बसली. मी जोर लावला, तिनं डोळे मिटले. दोरी निसटू नये म्हणून मी ती कमरेला गुंडाळली. (जालन्यात कारकुनी करून करून माणसाला असंच सुचतं.) नेमकी तेव्हाच शेजारच्या मच्छिंद्रनं मोटरसायकलला किक मारली.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वाळत घातलेली गोधडी डोक्यावर आली. पायाखाली कुणाच्या तरी मिरच्या गेल्या. कुणीतरी "धरा, धरा" ओरडलं, पण वासराला की मला, ते कळलं नाही. शेवटी शांतिलालशेठच्या दुकानात टिकलीनं सरकीच्या पोत्यात तोंड घातलं, तेव्हा आम्ही दोघं थांबलो.

"गोधडीत कोण हाय?" शेठनं विचारलं.

"मी. बद्रीनाथचा धाकटा भाऊ."

"काय करून राह्यले?"

"वासराला शिकवून राह्यलो."

"बराबर. पण कोण कोणाला?"

तेवढ्यात माय धापा टाकत आली. गोधडी काढून तिनं आधी टिकलीला कुठं लागलं का ते पाहिलं, मग मला.

"ओढतो कशाला रे? तुझे दादा ओढायचे का कधी? दोरी ढिली धर. गळ्याखाली खाजव. अन् बोलत ऱ्हा तिच्यासंगं."

"काय बोलू?"

"दादा दिवसभराचं समदं सांगायचे. मला सांगितलं न्हाई तेवढं हिच्या आजीला सांगितलं."

मी टिकलीच्या गळ्याखाली खाजवत सुरुवात केली. साहेबांचा स्वभाव सांगितला, माझा गुडघा सांगितला, थांबलेलं प्रमोशन सांगितलं. टिकलीनं कान हलवला. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आणि एकदम मला दादा दिसले: दिवस कलताना हौदाकडं निघालेले, हातात सैल दोरी, वासराशी हळू आवाजात काहीतरी चाललेलं, आणि मागून धुळीत पाय ओढत मी. ते काय बोलतात, हे ऐकायला मी तेव्हा कधी पुढं गेलो नाही. मी दोरी आणखी ढिली सोडली. टिकली घरापर्यंत चालत राहिली.

"चालतो बी त्यांच्यावानीच," माय पदरानं डोळे पुसत म्हणाली.

टेम्पोच्या फळीवर मात्र टिकली चढेना. मी आधी चढलो, मग ती चढली. मी उतरायला लागलो की ती हंबरायची.

"बस तिथंच, जल्दी निघू," बद्रीभाऊ म्हणाला आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

हसनाबादला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. दारात तृप्तीची आजेसासू ओवाळायला उभी. म्हातारीला दिसतं कमी. तिनं टिकलीला कुंकू लावलं, मग माझ्याकडं वळली. माझ्या डोक्यात कडबा, खांद्यावर दोरी. माझ्याही कपाळाला कुंकू लागलं.

"एक कबूल केल्ती ना गं? दोन कशाला पाठवल्या?"

"आजी, ते माझे काका हायेत!"

म्हातारीनं ताट जवळ आणून मला निरखलं.

"काका व्हय? तरीच म्हन्लं, हे काही दूध देणाऱ्यातलं दिसत न्हाई."