थॉर्नमारची दास्यमुक्ती आणि चारशे चाळीस कप

कोणतीही गुलामगिरी नष्ट करायची झाली, तर ती आपल्यापासून निदान आठशे वर्षं लांब असावी. जवळची गुलामगिरी नष्ट करताना फार अडचण होते. मध्ये फर्निचर येतं, नातेवाईक येतात, कधी कधी आपण स्वतःच येतो.

टास्मानियातल्या बर्नी गावात, बोलिंग क्लबच्या मागच्या हॉलमध्ये, हे तत्त्व दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला अमलात येत असे. पाच माणसं टेबलाभोवती बसून थॉर्नमार नावाचं राज्य खेळत. खेळ सोपा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, आपल्या सोंगाने काय केलं ते सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. राज्याला राजे, रोगराई आणि ड्रॅगन पुरवायचं काम खेळचालक कॅलमकडे होतं. दिवसा तो एका विमा कंपनीत पूर-वणव्याचे दावे नाकारत असे, त्यामुळे आपत्तींचा त्याला अनुभव होता.

जेनीन या गटात आली तेव्हा योद्धा, जादूगार, सगळं वाटून संपलं होतं. उरली होती मॉड, किल्ल्यातली भांडी घासणारी दासी. तिचे गुण कागदावर रीतसर नोंदलेले होते: ताकद चार, वक्तृत्व तीन, पाव भाजणे सतरा.

"तात्पुरतं घे गं," टॅमसिन म्हणाली होती. त्या तात्पुरत्याला आता अकरा महिने झाले होते. खेळात मॉडची पाळी शेवटी असे, आणि शेवटी वेळ संपलेली असे. जेनीनची तक्रार नव्हती. ती दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना "येईल हं तुमचा नंबर" असं सांगत असे, आणि सांगून सांगून तिचाही त्यावर थोडा विश्वास बसला होता.

या अकरा महिन्यांत थॉर्नमारने केलेली प्रगती डोळे दिपवणारी आहे. तीन राजे पदच्युत झाले (चौथ्याने आपणहून समुपदेशन घेतलं). चाबूक, खोडा आणि फाशी रद्द झाली. ड्रॅगनला मारायला निघालेली मोहीम ड्रॅगनची बाजू ऐकून परतली. दरम्यान दोन गावं जळाली, पण प्रक्रिया पाळली गेली. आणि शेवटी आली दास्यमुक्तीची सनद. ती टॅमसिनने लिहिली. टॅमसिन शाळेत इतिहास शिकवते. कलम पहिलं: 'जन्माने कोणी कोणाचा चाकर नाही.' ते तिने उभं राहून तीनदा वाचलं, आणि जेनीनने तिला पाणी आणून दिलं. सनद सगळ्यांना इतकी आवडली, की टेबलावरचा कारभारही यापुढे तिच्याच बरहुकूम चालावा असं ठरलं.

याच काळात हॉलमध्ये चारशे चाळीस कप चहा झाला. भांडी धुण्याच्या पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर होता. त्यात जेनीनचं नाव कुठेही नव्हतं. प्रत्येक गुरुवारपुढे सुबक अक्षरात 'आपण सर्व' असं लिहिलं होतं. साडेनऊला खुर्च्या सरकत, 'आपण सर्व' गप्पा मारत गाड्यांकडे निघत, आणि सिंकपाशी पोचेपर्यंत त्यांची जेनीन झालेली असे.

अपवाद एकच. नेव्हिल. वय अडुसष्ट, कागदाच्या गिरणीतून निवृत्त, घरी एक म्हातारी कुत्री. त्याचं सोंग सरदार ऑसवाल्डचं, आणि वाचनालयातून अकरा जाडजूड पुस्तकं आणून त्याने ते मनापासून उभं केलं होतं. सरदारसाहेबांच्या मते राजा देवाने नेमलेला असतो, बायकांनी सभेत बोलू नये, आणि चाकरांनी शिकारी कुत्र्यांच्या मागून जेवावं. दास्यमुक्तीच्या चर्चेत ते म्हणाले, "आज दासीला मत दिलंत, उद्या माझा घोडा मागेल."

असे विचार मांडून झाले, की नेव्हिल पुसणं घेऊन सिंकपाशी येई आणि जेनीनने धुतलेले कप पुसू लागे. (चारशे चाळीसपैकी फुटला एक. तो त्यानेच फोडला आणि नवा आणून दिला.)

"हं," तो म्हणे, "आज पाळी आली असती तर मॉडने काय केलं असतं?"

हा प्रश्न थॉर्नमारमध्ये दुसऱ्या कोणीही विचारलेला नव्हता. जेनीन आधी हसण्यावारी नेई. मग सांगू लागली. चुलीमागे मॉडला एक भुयार सापडलं. भुयारात दार. दारापलीकडे कोणीतरी गाणं म्हणतंय.

"आणि मग?" नेव्हिल विचारी, आणि एकच कप तीनदा पुसत राही.

अशी दर गुरुवारी दहा मिनिटं. जेनीनचा आठवडा त्या दहा मिनिटांना टांगलेला होता, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सरदाराच्या मध्ययुगीन वृत्तीमुळे टेबलावरचं वातावरण दूषित होतं, अशी तक्रार टॅमसिनने लेखी दिली. नुसत्या सरदाराला काढून चालणार नाही, नेव्हिललाच काढावं लागेल, कारण सोंग आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. (टॅमसिनच्या स्वतःच्या सोंगाने आजवर एकोणीस जणांना विष घातलं आहे, पण ते कौशल्य होतं, मत नव्हे.)

मतदान झालं. काढण्याच्या बाजूने कॅलम आणि टॅमसिन. विरोधात ड्र्यू, जो एरवी फक्त सॉसेज रोल मोजून खातो. नेव्हिलला स्वतःबद्दल मत देता येत नव्हतं. मतं समसमान पडली तर तो राहणार होता.

जेनीनने हात वर केला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

कॅलमने सनद उघडली. कलम अकरा: नवमुक्तांना मताधिकार तिसऱ्या टप्प्यात, त्यांची तयारी झाल्याचा अहवाल आल्यावर. मॉडचा अहवाल अजून कोणी लिहायला घेतला नव्हता.

"जेनीन," तो मऊ आवाजात म्हणाला, "तुझा हात आम्हाला दिसतोय. त्याची दखल घेतली आहे."

दोन विरुद्ध एक. निर्णय तात्काळ लागू. जाण्यापूर्वी कप पुसून जाऊ का, असं नेव्हिलने विचारलं. ही परवानगी एकमताने मिळाली.

सिंकमध्ये दहा कप होते. नेव्हिलने पुसणं खांद्यावर टाकलं. "आज मॉडने काय केलं असतं?"

जेनीनने नळाकडे पाहिलं. "हे असंच टाकून भुयारातून निघून गेली असती."

"आणि मग?"

जेनीनने नळ न उघडताच कोट घातला.

पुढच्या गुरुवारी थॉर्नमारमध्ये आनंदोत्सव झाला. राज्यात आता एकही दास उरला नव्हता. कॅलमने दोनदा मोजून खात्री केली. सिंकमधल्या कपांवर हिरवी लव आली होती. त्यावर सविस्तर चर्चा होऊन असं ठरलं, की ज्याने त्याने आपला कप घरून आणावा आणि घरी न्यावा. घरी तो कोण धुतं, हा विषय राज्याच्या कक्षेत येत नाही.

जेनीन आता रविवारी नेव्हिलच्या स्वयंपाकघरात जाते. गाणं कोण म्हणत होतं ते मॉडला कळलंय. सरदार तिच्याशी अजूनही अत्यंत उद्दामपणे वागतात, आणि जुन्या कायद्यानुसार आधी कुत्री जेवते, मग जेनीन, मग सरदार. भांडी सरदार घासतात.

वाचकहो, तुम्ही जेनीनच्याच बाजूचे आहात, यात मला शंका नाही. मघापासून तुमच्या शेजारी रिकामा कप पडलाय, तोही उचलला जाईलच. 'आपण सर्व' आहेत ना आत.