सूर्य फिरवायला नकार देणारे मिलिंदराव

मिलिंदराव वैरागडे यांच्या स्कूटरच्या डिकीत वरण वाढायचा एक स्टीलचा डाव असतो. त्या डावाने आजवर कुणीही वरण वाढलेलं नाही. मिलिंदराव तो उलटा धरतात, हात लांब करतात आणि त्याच्या फुगीर पाठीचा फोटो काढतात. त्या पाठीत अख्खं आभाळ दिसतं, सूर्य कुठे आहे ते दिसतं, उजेड कुठून किती येतोय तेही दिसतं. मग तोच उजेड ते कॉम्प्युटरवरच्या चित्रात आणतात. या कामासाठी चकचकीत गोळा विकत मिळतो म्हणे. मिलिंदरावांच्या मते डाव बरा, त्याला दांडा असतो.

एकदा आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, शाहपुऱ्याच्या तळ्यावर त्यांचं हे चाललेलं असताना एक आजीबाई नातीला घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भैया, इसकी भी नज़र उतार दो." दुसरा कुणी असता तर समजावत बसला असता. यांनी डाव मुलीच्या चेहऱ्यासमोर धरला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि सांगितलं, "अम्मा, इसको सुबह की धूप दिखाओ." आजीबाई समाधानाने गेल्या. मी शेजारी उभी राहून ओळख नसल्यासारखं करत होते.

ओळख मात्र अकरा वर्षांची आहे. शाहपुऱ्यात आमचा चार माणसांचा स्टुडिओ आहे, कागदोपत्री माझा. जी वसाहत अजून बांधलेलीच नाही तिची चित्रं आम्ही बिल्डरांना करून देतो. पुढे तळं, मागे टेकडी, मध्ये इमारती, सगळं कॉम्प्युटरवर. इमारती आणि झाडं दोघं तरुण कारागीर उभी करतात. ऊन, सावली, धुकं, आभाळ हे मिलिंदरावांचं खातं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे माझं. मला ते छान जमतं असं गिऱ्हाइकं म्हणतात, घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

कुणीही चित्र दाखवलं की मिलिंदरावांचा पहिला प्रश्न, "हवा घातली का?" हवा म्हणजे लांबच्या वस्तूंवर चढणारा तो फिकट निळसर पडदा. तो नसला तर मागची टेकडी इमारतीच्या गच्चीला येऊन चिकटते, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी डिसेंबरातली सकाळ इतकी मनापासून केली, की गिऱ्हाइकाने आधी चष्मा पुसला आणि मग तक्रार केली, इतना कोहरा क्यों है. मिलिंदराव शांतपणे म्हणाले, "कोहरा नहीं है साहब, दिसंबर है." पुढचा अर्धा तास मी गोड बोलत होते.

खऱ्या जगालाही ते सोडत नाहीत. तळ्याकाठी चहा पिताना समोरच्या झाडाकडे बघून म्हणतात, आज सावल्या जरा जास्तच कडक झाल्यात. आमच्या घरी जेवायला आले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, शिरा कसा झालाय. बशी खिडकीकडे वळवून हे म्हणाले, यावर उजेड फार छान पडलाय. सासूबाई अजून मला विचारतात, त्या माणसाला शिरा आवडला होता की नाही.

हे सगळं मी हसून सहन करत आले. एका गोष्टीवर मात्र आमचं वाजतं. चित्र हातात घेण्याआधी मिलिंदराव त्या रिकाम्या जागेवर जाऊन होकायंत्र लावतात आणि सूर्य खरोखर जिथून येणार तिथेच ठेवतात. या धंद्यात असं कुणी करत नाही. सगळ्या ब्रोशरांमध्ये सगळ्याच बाल्कन्यांत कोवळं ऊन पडलेलं असतं, चारी दिशांना.

गेल्या डिसेंबरात होशंगाबाद रोडच्या बाजूच्या एका मोठ्या वसाहतीचं काम आमच्याकडे आलं. ते पक्कं झालं तर वर्षभर कुणाकडे तोंड वेंगाडायला नको, आणि नाही झालं तर दोघांपैकी एका कारागिराला मला निरोप द्यावा लागणार होता. अट अशी की पहिलं चित्र बिल्डरसाहेबांच्या पसंतीला उतरलं पाहिजे. त्यांना रस्त्याकडची बाजू हवी होती, बाल्कन्यांत सोनेरी ऊन हवं होतं. आणि ती बाजू नेमकी उत्तरेची. थंडीत तिथे ऊन औषधालाही येत नाही.

मिलिंदरावांनी सावलीतल्या बाल्कन्या करून दिल्या. बिल्डरसाहेब मला फोनवर म्हणाले, "मैडम, सूरज ही तो है, घुमा दो." मी मिलिंदरावांना समजावलं, विनवलं, शेवटी चिडून म्हणाले की तुम्ही नाही फिरवलात तर मी दुसऱ्याकडून फिरवून घेईन. ते कॉम्प्युटर बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. फोनही उचलला नाही.

रविवारी सकाळी मी भांडायच्या तयारीनेच बाग सेवनिया वस्तीत त्यांच्या घरी गेले. इमारतीच्या फाटकातच गाठ पडली. मिलिंदरावांच्या डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची होती, एका हातात दुसरी खुर्ची आणि दुसऱ्या हातात त्यांच्या आईचा हात. आई स्वेटर, मफलर, पायमोजे अशा जय्यत तयारीत. मला बघून ते ओशाळले. समोरच्या इमारतीच्या भिंतीपाशी उन्हाचा एक पट्टा पडला होता, तिथे त्यांनी आईला बसवलं, दुसऱ्या खुर्चीत मला बसवलं आणि चहा आणतो म्हणून वर गेले.

"घरात ऊन येत नाही का?" मी सहज विचारलं.

आईंनी मग सगळं सांगितलं. मिलिंदरावांचे वडील सरकारी नोकरीत होते, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये सगळं आयुष्य गेलं. अंगणात दिवसभर ऊन. रिटायर व्हायच्या वर्षी मुलगा नुकताच या चित्रांच्या कामाला लागला होता. त्याचं पहिलं चित्र याच इमारतीचं. तिथल्या साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने बाल्कन्यांत ऊन घातलं. वडिलांनी ते चित्र पाहिलं आणि कुणालाही न सांगता तिसऱ्या मजल्यावरचं घर बुक करून टाकलं. पोराच्या चित्रातलंच घर घ्यायचं, ही त्यांची हौस. पेढे घेऊन आले तेव्हा मिलिंदरावांना कळलं. वडिलांच्या तोंडावरचा आनंद बघून, चित्रातलं ऊन खोटं आहे हे त्यांना सांगता आलं नाही.

घर उत्तरेचं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत शिरायचं, तेव्हा ते कुणालाच नको असायचं. थंडीत आईंचे गुडघे धरायचे तेव्हा ते फिरकायचं नाही. वडील चार वर्षांनी गेले, त्यांनी कधी शब्दाने विचारलं नाही. तेव्हापासून थंडीतल्या प्रत्येक सकाळी मिलिंदराव खुर्च्या उचलतात. आधी ही भिंत, मग देवळाचा कट्टा, मग गाड्या लावतात ती जागा. कॉलनीत ऊन कधी कुठे येतं हे त्यांना मिनिटामिनिटाने पाठ आहे.

भांडायला आल्याची मला लाज वाटली. मी म्हटलं, त्यांना अजून वाईट वाटत असेल.

"त्याले वाटते, मले काही समजत नाही," आई हसून म्हणाल्या. "पहिल्याच थंडीत समजलं मले. पण सांगू नको त्याले. ऊन घरात आलं असतं, तर एवढा मोठा पोरगा रोज दोन घंटे माझ्यापाशी बसला असता का?"

मिलिंदराव चहा घेऊन आले. मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली, आणि मी चित्राचा विषयच काढला नाही. त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी केली आणि निघाले.

सोमवारी मी बिल्डरसाहेबांना सरळ सांगितलं की रस्त्याकडे सूर्य येत नाही, मागच्या बाजूला येतो, तिकडची मोकळी जागा दाखवू या. ते पुष्कळ कुरकुरले. मग म्हणाले, बनाओ, देखते हैं. मिलिंदरावांनी चार दिवस खपून चित्र केलं. डिसेंबरातले सकाळचे नऊ, लांब टेकडीवर भरपूर हवा, गवतावर इमारतीच्या कडेने आलेलं ऊन. त्या उन्हात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि चित्र तसंच पाठवलं.

संध्याकाळी फोन आला. चित्र पसंत होतं, काम आमचं होतं. फक्त एक करा, बिल्डरसाहेब म्हणाले, त्या खुर्च्या काढा, सस्त्या दिसतात.

अकरा वर्षं अशा प्रत्येक फोनला मी "जी, अभी" म्हणत आले आहे. समोर मिलिंदराव माझ्याकडे न बघता दुसऱ्याच चित्रातलं आभाळ नीट करत बसले होते.

"साहब, बाकी जो चाहे बदल दूँगी," मी म्हणाले. "कुर्सियाँ वहीं रहेंगी. वहाँ धूप आती है."