अप्पा चौबळ आणि बंदरावरची पावती

आमच्याकडे सत्यनारायणाला पन्नास-साठ माणसं जेवून गेली, पण निघताना एकालाही चप्पल शोधावी लागली नाही. पायरी उतरली की समोर आपलाच जोडा, त्याचं तोंड रस्त्याकडे, पाय घातला की चालू लागायचं. बायकांच्या वहाणा डावीकडे, पुरुषांचे जोडे उजवीकडे, आणि आमच्या मेव्हण्याचे कोरे करकरीत बूट मात्र एकटेच तुळशीमागे.

"ते का हो तिकडे?" मी विचारलं.

"ते शेवटी निघणार," अप्पा चौबळ म्हणाले. "तिसऱ्यांदा मठ्ठा मागितला त्यांनी. असला डबा पुढे लावून बाकीच्यांची लाइन कशाला अडवायची?"

मेव्हणा खरोखरच शेवटी निघाला. आजतागायत तो अप्पांचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो.

अप्पा आमचे शेजारी. घोडबंदर रोडला ठाण्यापासून तीन-एक मैलांवर आमचं गाव. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि आमच्यासारखी काही पांढरपेशी बिऱ्हाडं इथे येऊन पडली. बॉम्ब पडला नाही, आम्ही मात्र पडलो ते पडलोच. काथोड पाटलांनी मिठागराच्या पैशातून बांधलेली बैठी चाळ, तिच्यात शेवटची खोली अप्पांची, शेवटून दुसरी माझी. अप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, इकडचे तिकडे लावत होते. पेन्शन घेऊन एकटेच इथे आले, येताना एक ट्रंक, एक वळकटी आणि एक काठी. काठीच्या एका टोकाला लाल चिंधी, दुसऱ्या टोकाला हिरवी. बायको फार पूर्वी गेलेली. बाकी कोणी आहे का, हे एकदा आमच्या हिने विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या दारातली बादली उलट्या बाजूला ठेवलीय." विषय संपला.

जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी डबाच होती. सायकल डबा, टांगा डबा, बैलगाडी बैलांसकट डबा. आणि डबा कसाही असो, लावताना त्याचं तोंड बाहेर पाहिजे. "लावताना माणसाला फुरसत असते हो," ते म्हणायचे, "निघताना नसते." चाळीतल्या एका बिऱ्हाडाचा पाळणासुद्धा त्यांनी एकदा फिरवून दाराकडे केला होता. बाळ बिचारं कुठे निघालं होतं, देव जाणे.

असला माणूस घरात बसून गंजला असता, पण आमच्या गावाला खाडी होती. गावाच्या टोकाला बंदर. बंदर म्हणजे काय, रेतीच्या आणि मिठाच्या होड्या लागतात तो धक्का आणि त्याच्या बाजूला मऊ वाळूचा लांबलचक पट्टा. समोर डोंगर, वारा छान. रविवारी मुंबईची मंडळी जेवणाचे डबे घेऊन मोटारीनं यायची, आमच्या गावातले लोक सायकली आणि गाड्या घेऊन ती मंडळी बघायला जायचे. सगळ्या वाहनांची वाळूवर अशी काही गिचमिड व्हायची की ज्याचं नाव ते.

एका पुनवेच्या रविवारी कुणा शेठजींनी आपली लांबलचक मोटार ऐन पाण्याच्या कडेला उभी केली. अप्पा म्हणाले, "शेठ, आज उधाण आहे. डबा वर घ्या." शेठजींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, सतरंजी पसरून आडवे झाले. बाराच्या सुमाराला उठून बघतात तर मोटारीच्या पायरीपर्यंत पाणी, आणि आत गादीवर एक खेकडा बसलेला. दहा कोळ्यांनी दोर लावून मोटार ओढली. अप्पा काठी हलवत पुढे उभे. त्या दिवसापासून बंदरावरची वाहनं लावण्याचं काम अप्पांकडे आलं. दिलं कुणी नाही, त्यांनी घेतलं. रविवारी सकाळी सातला हजर, काळा कोट, पायात बूट. "घ्या मागं... अजून... डावीकडे... बस!" पैसा नाही, पावती नाही. उधाणाच्या तिथी तोंडपाठ, कोण किती वेळ बसणार हे टोपलीत जेवणाचे डबे किती आहेत त्यावरून ओळखायचे. लोक हसायचे, पण ऐकायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सुरूच्या झाडांखाली सावलीची एक फक्कड जागा होती, ती अप्पा कोणाला देत नसत. कितीही मोठा माणूस येवो, "ती धरलेली आहे," एवढंच उत्तर. महिन्यातून एखाद्या रविवारी तिथे एक जुनी करडी मोटार दिसायची. मला वाटलं, असेल कोणी कलेक्टर कचेरीतला साहेब. अप्पाही वशिल्याला बळी पडतात, हे बघून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

अशी तीन-चार वर्षं सुखात गेली, आणि मग पंचायतीनं काढलं की बंदरावर वाहन लावायला पैसे घ्यायचे. मोटारीला चार आणे, टांग्याला आणि बैलगाडीला एक आणा, सायकलीला अर्धा. पैशातून बंदरावर दिवा लावायचा आणि बायकांसाठी आडोसा बांधायचा. मोकळेपणानं चर्चा व्हावी म्हणून सरपंच काथोड पाटलांनी एका संध्याकाळी शाळेत गावची सभा बोलावली.

मोकळेपणा विचारू नका! पहिलाच उठला तो एक म्हातारा मिठागरवाला. "आमचे बापाची जागा, आमची गारी, न पयसं आमीच द्याचं? यो कंचा न्याव?" टाळ्या. ठरलं, जुन्या गावकऱ्यांना माफी. मग भटजी उठले. खाडीवर दहाव्याला आलेल्या माणसाकडून पावती फाडणार का? पिंडाला कावळा शिवेल का अशानं? दहावं-बारावं माफ. तेवढ्यात कोणी विचारलं, लग्नाच्या वऱ्हाडानं काय घोडं मारलं? वऱ्हाड माफ. गणपतीच्या गाड्या माफ. मासळीच्या पाट्या नेणाऱ्या गाड्या माफ. मग आम्ही चाळकरी जागे झालो. मी स्वतः उठून म्हणालो की नोकरदार माणूस संध्याकाळी खाडीवर जातो तो प्रकृतीसाठी, सबब सायकल हे औषध समजावं. हेडमास्तरांनी अनुमोदन दिलं. सायकली माफ.

तासाभरात असं झालं की सभेत बसलेल्या एकाही माणसाला पैसे पडेनात. राहिल्या फक्त बाहेरगावच्या मोटारी. त्याबरोबर सगळ्या गावाला एकदम सुधारणेचा पुळका आला. "दिवा पायजेच!" मघाचा तो म्हातारा ओरडला.

अप्पा उठले. मला वाटलं, शिस्तीचा माणूस, हे तर खूशच असणार. पण अप्पांचा आवाज कापत होता.

"काही गरज नाही पैशाची," ते म्हणाले. "दिव्यासाठी मी माझं पेन्शन देतो. पण तिथे पावती पुस्तक नको. माणूस दारात येतो आणि तुम्ही आधी हात पसरता? येणारा येईनासा होईल."

"अवो अप्पा," पाटील समजुतीनं म्हणाले, "तुमालाच नेमतो ना! खाकी टोपी देतो, पगार देतो. तुमीच घ्या पयसं."

"मी?" अप्पा ताडकन म्हणाले. "मी त्याच्यापुढे हात करू?"

"कोनाचे?"

"कोणाच्याही," असं पुटपुटत अप्पा खाली बसले.

हात वर करायला सांगितले. ठरावाविरुद्ध एकच हात वर गेला, अप्पांचा. बाजूनं बाकी सगळे. त्यात माझाही होता. सायकल सुटली होती ना माझी! अप्पांनी माझ्या हाताकडे पाहिलं. घरी जाताना माझ्याबरोबर चालायचं सोडून ते रस्त्याच्या पलीकडून चालले.

ठेका कोणा उपऱ्याला गेला. त्याचा खाकी टोपीवाला माणूस पुढल्या रविवारी बंदरावर उभा राहिला. सकाळी आठ वाजले तरी अप्पा खोलीतच. ही चहा घेऊन गेली तर दार न उघडताच म्हणाले, "झालाय माझा." मला काही चैन पडेना. माणसाची एवढी एक हौस, ती मी अर्ध्या आण्याच्या सायकलीसाठी मोडली होती. चारच्या सुमाराला मी बंदरावर गेलो.

तिथे नुसता गोंधळ. टोपीवाला पैसे घ्यायचा, पावती फाडायचा आणि पाठ फिरवायचा. मोटारी एकमेकींच्या अंगावर, एका टांग्याचा घोडा कोणाच्या तरी मोटारीत तोंड घालून केळी खात होता, आणि त्या मोटारीची बाई आतून किंचाळत होती. तेवढ्यात ती जुनी करडी मोटार आली. सुरूखाली आज दुसरीच कोणती तरी मोटार होती. करडी मोटार रस्त्यातच थांबली. टोपीवाला पुढे धावला, पण चालवणाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे आला. पस्तिशीचा असेल. साहेब वगैरे काही नाही, नखांत काळं तेल भरलेलं.

"इथे ते काठीवाले गृहस्थ असतात," तो म्हणाला. "आज दिसत नाहीत. बरे आहेत ना?"

"तब्येत ठणठणीत आहे," मी म्हणालो. "रुसून घरी बसलेत."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला? पंचायतीवर. इथलं काम दुसऱ्याला दिलं त्यांनी."

बोलून गेलो आणि मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तेच कान, तीच वर उचललेली हनुवटी.

"तुम्ही चौबळ?"

"वसंत," तो म्हणाला. "मुलगा त्यांचा."

मग त्यानंच सांगितलं. अप्पांनी त्याला रेल्वेत चिकटवलं होतं. पक्की नोकरी, पुढे पेन्शन. दोन वर्षांत त्यानं ती सोडली आणि मित्राबरोबर मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. घरात महाभारत झालं. "तुझ्या त्या तेलकट धंद्यातला एक छदाम माझ्या हातावर पडता कामा नये," असं अप्पा म्हणाले आणि हा घराबाहेर पडला. पुढे आत्याकडून गावाचं नाव कळलं, तेव्हा माफी मागायला म्हणून तो या गावी आला. घरी जायचा धीर होईना, म्हणून आधी खाडीवर आला, तर समोर साक्षात वडील, हातात काठी.

"मी काच खाली केली," वसंत म्हणाला, "आणि ते म्हणाले, 'घ्या मागं.' मी घेतली. म्हणाले, 'बस.' मी थांबलो. मग ते दुसऱ्या मोटारीकडे गेले. म्हटलं, ओळखलं नसेल. पण निघताना म्हणाले, 'पुढच्या खेपेला सुरूखाली लावा, मुलांना ऊन लागतं.' तेव्हापासून दर महिन्याला येतो. तेवढंच बोलतात, मी तेवढंच ऐकतो. चार वर्षं झाली."

मोटारीतून त्याची बायको उतरली. चांगली ठसठशीत बाई. "पुरे झालं आता," ती म्हणाली. "दर वेळी म्हणता, पुढच्या खेपेला घरी जाऊ. काठी गेली ना त्यांच्या हातातली? मग आता तुम्ही जायचं. भाऊ, घर कुठलं हो त्यांचं?"

मी मोटारीत पुढे बसलो आणि वाट दाखवत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलो होतो, पण मजा वाटली नाही. अप्पांनी दारातून हाकलून दिलं तर? हाकलणाराच माणूस तो!

चाळीसमोर मोटार थांबली. अप्पा आवाज ऐकून दारात आले. अंगात बनियन, गालावर दाढीचे खुंट. खाली कोण उतरलंय ते त्यांनी बघितलं. वसंत पुढे झाला, पाया पडायला वाकला, पण वाकलेलाच राहिला. रडत होता तो. अप्पांचा हात वर उचलला गेला आणि तसाच हवेत थांबला. मग तो त्याच्या पाठीवर टेकला. मी आपला मुकाट्यानं माझ्या खोलीत शिरलो, हिला खुणेनं गप्प बस म्हटलं, आणि आम्ही दोघं भिंतीला कान लावून बसलो. पलीकडून शब्द असा एक ऐकू येईना. नुसतं मुलांचं हसणं, आणि मध्येच अप्पांचं खाकरणं.

पाच मिनिटांनी आमच्या दाराची कडी वाजली. अप्पा उभे होते. बनियनवरच घाईघाईनं काळा कोट चढवलेला, आणि डोळे लालबुंद.

"वहिनी," ते म्हणाले, "चहाचे कप असतील का चार? द्याल जरा? माझ्याकडे... एकच आहे."

सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही, आणि हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली मला. हिने फळीवरचे चांगले सहाच्या सहा कप काढले, बशांसकट ताटात मांडले, पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "बघताय काय नुसते? स्टो पेटवा. पोहे टाकते मी."