तीन बाण आणि खंडेनवमी

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी सात वाजता बंकटरावांनी आंघोळ उरकली, ठेवणीतला शर्ट घातला, देवळीतली डबी काढली आणि उघडून पाहिली तर डबी रिकामी. आतले तीन डार्ट गायब.

"अगं, माझे बाण कुठं गेले?"

"कुटं जात्यात? पुजंला मांडलेत," कौशल्याबाई कणिक तिंबता तिंबता म्हणाल्या.

बंकटराव ओसरीवर धावले. पाट मांडला होता. पाटावर सहा कोयते, दोन विळे, खुरपी, कुऱ्हाड, मोटारीचा मोठा पाना, आणि बरोब्बर मधोमध, जिथं मानाचं हत्यार ठेवतात तिथं, त्यांचे तीन डार्ट. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, झेंडूचं एकेक फूल टेकवलेलं. उदबत्तीसुद्धा लावून झाली होती.

"आज बीडला माझी स्पर्धा हाय. जिल्ह्याची निवड. दोन म्हैने झाले तारीख सांगतोय तुला."

"तारीख सांगितली. तिथी कुटं सांगितली?"

बंकटरावांनी खाली वाकून हात पुढं केला.

"उचला की," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "फकस्त भावजींना सांगून उचला. आठ दिसांनी ते फडात चाललेत."

बंकटरावांचा हात तिथंच थांबला. धाकटा भाऊ शहादेव आणि त्याची बायको शिवकन्या दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जात. त्यांचे कोयते थोरल्याच्या घरी पुजायचे, ही वडिलांपासूनची रीत. आणि एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, ही त्याहून जुनी. एक हललं की सगळी पूजा मोडली. बारा वर्षांमागं गल्लीतल्या एकानं नवमीला खुरपं उचललं आणि त्याच महिन्यात त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली. त्या दिवशी तो बाबा ढोसून आला होता, हे आता कुणाच्या ध्यानात नाही. खुरपं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आहे.

तेवढ्यात शहादेव तंबाखू मळत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुझी स्पर्धा हाय तर उचल तू. आमचं काय, दोन बोटं गेली तरी आठ ऱ्हातात."

आता या बोलण्यावर कोण उचलेल? बंकटरावांनी पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडले.

बंकटराव हे युसूफ वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. एकतीस वर्षं म्हशीच्या पुठ्ठ्यात सुया मारण्यात गेली. मारकी म्हैस असली की डॉक्टर कुंपणाच्या पलीकडं उभे राहत आणि बंकटराव दोन हात लांबून सुई अशी फेकत की म्हशीला माशी बसल्यासारखं वाटावं. पण या कामाबद्दल एकतीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. लाथा मात्र रगड मिळाल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर त्यांना डार्टची स्पर्धा दिसली आणि बंकटराव जागच्या जागी खिळले. परमुलखातलं मोठं सभागृह, हजारो माणसं बाकड्यांवर उभी राहून गाताहेत, बँड वाजतोय, आणि त्यातून कोण येतोय तर पोट सुटलेला, टक्कल पडलेला, अगदी आपल्या ग्रामसेवकासारखा दिसणारा एक माणूस. तो रेघेवर उभा राहिला की सगळं सभागृह श्वास धरतं. एक डार्ट लागला, दुसरा त्याला चिकटून, तिसरा त्या दोघांच्या मधे. मग जो गलका उठतो, तो ऐकून बंकटरावांच्या अंगावर काटा आला.

मग ते या खेळाडूंचा इतिहास धुंडाळू लागले. कुणी आधी नळ दुरुस्त करायचा, कुणी फरश्या बसवायचा. दरसाल चार-सहा दिवसांची निवड स्पर्धा असते, निव्वळ कत्तल. शेकड्यांनी माणसं येतात आणि मोजक्यांना मोठ्या स्पर्धा खेळायचं दोन वर्षांचं कार्ड मिळतं. दोन वर्षांत वर चढला नाहीस तर कार्ड काढून घेतात, जा परत फरश्या बसवायला. आपल्याकडं एकदा चिकटला की रिटायर होईपर्यंत निघत नाही, हे पाहिलेल्या बंकटरावांना या हिमतीपुढं हात जोडावेसे वाटत. सगळ्यात भयंकर म्हणजे एखाद्या पट्टीच्या खेळाडूला आजार जडतो. हात मागं जातो, पण बोटांतून डार्ट सुटतच नाही. ते पाहून बंकटराव दोन दिवस नीट जेवले नव्हते.

आणि पन्नाशी उलटलेली माणसं तिथं खेळतात. बंकटराव पुढच्या मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यांनी बोर्ड मागवला, गोठ्यात म्हशीच्या समोरच्या भिंतीला टांगला, टेप लावून सात फूट सव्वानऊ इंचावर रेघ मारली आणि रोज संध्याकाळी दोन तास फेकू लागले. कौशल्याबाई त्याला 'पोरखेळ' म्हणत. दोन वर्षांत त्या एकदाही बघायला आल्या नव्हत्या. राज्य स्पर्धेत जायचं, रेघेवर उभं राहायचं आणि जिंदगीत एकदा तरी आपल्यासाठी टाळी ऐकायची, एवढाच बंकटरावांचा इरादा होता. आणि आज ते सगळं झेंडूच्या फुलाखाली अडकून पडलं होतं.

दवाखान्याची किल्ली त्यांच्याकडंच होती. आतल्या कपाटाला डॉक्टरांनी कालच हार घातलेला, म्हणजे तिथलीही हत्यारं पुजेला. पण कोपऱ्यात एक गंजका पत्र्याचा डबा होता. काचेच्या पिचकाऱ्यांच्या जमान्यातल्या जाड सुया त्यात होत्या, भंगारात काढायचा कागद सहा वर्षांपूर्वीच निघालेला. बंकटरावांनी तीन सुया उकळून घेतल्या, बॉलपेनच्या नळ्यांत बसवल्या, वजनासाठी तांब्याची तार गुंडाळली, आणि जनावरांच्या कानाला मारायचे पिवळे बिल्ले कातरून शेपटाला पंख लावले. एक फेकून पाहिली, तर दाराच्या चौकटीत थरथरत उभी राहिली. त्यांनी सुयांना नमस्कार केला आणि एसटी धरली.

केजला गाडी बदलून ते बीडला पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दारात जिल्हा संघटनेचे अध्यक्ष सुंदरराव उभे. ते आणखी चार खेळांच्या संघटनांचे अध्यक्ष होते. नियम त्यांना एकाही खेळाचा येत नसे, पण नारळ मात्र एका ठोक्यात फोडत. आत पुण्याहून आलेल्या निरीक्षक मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. खेळाडू चौदा. बंकटरावांनी सुया रुमालात गुंडाळून खिशात दडवल्या आणि रांगेत सगळ्यांच्या मागं उभे राहिले. सगळ्यांकडं चकचकीत डार्ट असणार आणि आपण पेनच्या नळ्या काढणार, या विचारानं त्यांचे कान तापले होते.

"तुमचे डार्ट दाखवा," मॅडम पहिल्याला म्हणाल्या. तो पोलीस हवालदार होता.

"ठाण्यात हायत."

"ठाण्यात कशाला?"

"रायफलींसंगं पुजंला मांडलेत. साहेबांनीच सोताच्या हातानं मांडले."

दुसरा एसटीचा मेकॅनिक. "आमचे वर्कशॉपात. जॅकपाशी."

तिसरा खाली बघत म्हणाला, "आईनं मांडले." चौथा म्हणाला, "आमच्या बी." अशा करत तेरा जणांचे तेरा संच तेरा पाटांवर निघाले. लिंबागणेश गावची सतरा वर्षांची राजनंदिनी तर म्हणाली, "मॅडम, मी लपवून ठिवले होते. आज्ज्यानं हुडकून काढले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आज खेळायचं आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"आमाला माहीत होतं," हवालदार म्हणाला. "पर आज खंडेनवमी हाय हे घरच्यांना माहीत होतं."

"अध्यक्ष, संघटनेचे सहा डार्ट असतील की. ते द्या."

सुंदररावांनी घसा साफ केला आणि स्टेजकडं बोट दाखवलं. तिथं तांब्याच्या ताम्हणात सहा डार्ट होते, त्यावर हार, बाजूला फुटका नारळ. "सकाळीच पूजा केली. पेपरवाल्यानं फोटो बी काढला."

"आणि बोर्डाची पूजा?"

"बोर्ड काय हत्यार न्हाई, मॅडम. बोर्ड बिचारा मार खातो."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "मला पाचची गाडी आहे. आज नाव गेलं नाही तर बीडची जागा रिकामी जाईल."

बंकटरावांनी खिशातला रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. तीन सुया, पिवळे पंख. सगळी माणसं पुढं वाकली.

"हे काय आहे?"

"म्हशीची सुई," बंकटराव म्हणाले. "गरम पाण्यात उकळून आणलीय."

मॅडमनी लांबी मोजली, आचाऱ्याच्या काट्यावर वजन केलं, नियमांची पुस्तिका चाळली. कुठंच अडत नव्हतं. पण हवालदाराला शंका आली. "मामा, सुई बी हत्यारच की. आज चालंल का?"

"ह्या भंगारात निघाल्यात. ही वस्तू आता वस्तू न्हाई, असं सरकारनं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय."

सरकारनंच सांगितल्यावर देवाचीही हरकत उरली नाही. स्पर्धा सुरू झाली.

चौदा खेळाडू आणि तीन सुया. एकानं फेकायच्या, बोर्डातून उपसायच्या, पुसायच्या, दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. सुरुवातीला लोकांचे नेम भिंतीला लागले. बंकटरावांना मात्र अडचण आली नाही, एकतीस वर्षं हात त्याच धातूवर बसलेला. त्यांनी मेकॅनिकला हरवलं, हवालदाराला हरवलं, आणखी एकाला हरवलं आणि चार वाजता ते अंतिम फेरीत होते. समोर राजनंदिनी. ती येईल ती सुई हातात घेऊन जराशी तोलायची, शेजारणीकडून आणलेली वाटी तोलावी तशी, आणि फेकायची.

खेळ असा की पाचशे एकपासून उलट मोजत शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट मात्र बोर्डाच्या कडेच्या करंगळीएवढ्या कड्यात बसला पाहिजे, तिथं आकडा दुप्पट होतो. बंकटराव आधी पोचले. उरले बत्तीस. म्हणजे सोळाचं कडं. तीन सुया हातात. राज्य स्पर्धा तीन सुयांवर आली होती.

पहिली सुई तारेच्या आतल्या अंगाला बसली. सोळा झाले, सोळा उरले. आता आठचं कडं. दुसरीही तारेच्या आतच. आठ उरले. तिसरीनं चारच्या कड्याकडं झेप घेतली आणि केसभर अलीकडं रुतली. चार उरले. बंकटरावांनी सुया उपसल्या, पुसल्या आणि रीतीप्रमाणं राजनंदिनीच्या हातात दिल्या.

तिचे शंभर उरले होते. पहिली सुई विसाच्या तिपटीत बसली. साठ गेले. कुणी हललं नाही. दुसरी सुई विसाच्या कड्यात, बरोब्बर मधोमध. चाळीस गेले. शून्य.

मोबाईलमध्ये पाहिलेलं ते सगळं सभागृह, तो श्वास धरणं, हे सगळं बीडच्या मंगल कार्यालयात आपल्या चार हातांवर आलंय, हे बंकटरावांना कळलं. पहिली टाळी त्यांनीच वाजवली. आपण हरलो, हे टाळ्या वाजवून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

राजनंदिनीनं पाया पडून न वापरलेली सुई पुढं केली. "मामा, ही एक उरली."

"तिन्ही घेऊन जा, पोरी. राज्याला लागतील."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. कौशल्याबाईंनी पाणी दिलं.

"हारलो," बंकटराव म्हणाले. "एवढ्या पोरीकडून. काय हात हाय तिचा." मग त्यांना राहवलं नाही. "एक सांग. पोरखेळ म्हनतीस, मग पोरखेळ पुजंत कावून मांडला? दवाखान्याची माझी कातर कधी मांडली न्हाईस तू."

"कातर सरकारची हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "दोन वर्स बगते, रोज रातच्याला ते बाण फडक्यानं पुसून डबीत ठिवता. भावजी कोयता पुसत्यात तसंच. माणूस जे पुसून ठिवतो ते हत्यारच असतंय. मधी ठिवले, तेबी दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

बंकटरावांना सकाळी दिसलं होतं, पण कळलं आत्ता.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवायची वेळ झाली. शहादेव कोयत्याला हात घालणार, तोच कौशल्याबाई म्हणाल्या, "थांबा भावजी. पैले ह्यांचे." तीन डार्ट त्यांनी नवऱ्याच्या ओंजळीत ठेवले, गोठ्यात गेल्या आणि पाटी पालथी घालून तिच्यावर बसल्या. मागोमाग शहादेव आणि शिवकन्या आले.

"मारा आता. मी बसते बगायला."

बंकटराव रेघेवर उभे राहिले. काल अंतिम फेरीत एकदाही न अडलेला हात मागं गेला आणि बोटं सुटेनात. परमुलखातल्या त्या मोठ्या खेळाडूंचा आजार आपल्याला गोठ्यात जडला, हे त्यांच्या लक्षात आलं. कसाबसा डार्ट सुटला, बोर्डापासून वीतभर बाजूला गेला आणि भिंतीलगतच्या लाकडी मेढीत रुतला. म्हशीनं रवंथ थांबवून वर पाहिलं.

कौशल्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून शहादेवानं वाजवल्या, शिवकन्येनं वाजवल्या.

"लागला की," कौशल्याबाई म्हणाल्या.

बंकटरावांनी एकदा बोर्डाकडं पाहिलं, एकदा मेढीकडं.

"लागला," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा डार्ट उचलला.