पोत्याने पाहिलेली बोट

रविवार, डिसेंबर महिना. हजर: मी (सोसायटीची सेक्रेटरी), खजिनदार कुलकर्णी, तिसऱ्या मजल्यावरचे हिराजीतात्या म्हात्रे आणि त्यांच्या व्हीलचेअरवर पट्ट्याने बांधलेलं तांदळाचं पोतं.

पोतं हजेरीत घेतलं, कारण ते यमुनाकाकूंच्या जागी आलं होतं. काकू म्हणजे तात्यांची बायको. पक्षाघाताने पाय गेले. जीभ मात्र पहिल्यापेक्षा धारदार. तात्यांनी पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढला. कुठलीही वस्तू वजन टाकून पाहिल्याशिवाय बाहेर सोडायची नाही, ही तिथली सवय. काकूंना नव्या जागी न्यायचं असेल, तर आधी खुर्ची आणि पोतं नेऊन ती जागा तपासायची. मग निकाल. पास किंवा नापास.

पोतं काकूंच्या वजनाचं असतं. काकूंचं वजन उतरतं तसे तात्या त्यातले तांदूळ काढून घेतात. पहिलं पोतं दोघांना उचलावं लागे. आता ते तात्या एकटे उचलतात.

आजवर एकही जागा पास झालेली नाही. मॉल नापास: फरशी गुळगुळीत. नाट्यगृह नापास: उतार खोटा. करंजाड्याचा लग्नाचा हॉल, जिथे सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं, तोही नापास: दार अरुंद. त्या लग्नाला मी गेले होते. त्या दारातून बँडवाले चौघे शेजारी शेजारी आत आले होते, पाचवा ढोल घेऊन. पण घरच्या गोष्टीत सेक्रेटरीने बोलू नये, म्हणून गप्प बसले.

यंदा सोसायटीची सहल मुक्कामाच्या क्रूझ बोटीने ठरली. नोटीस लावली त्याच दिवशी काकूंनी गॅलरीतून हाक मारली.

"सेक्रेटरीबाय, माजं नाव घाल गो पयलं! मरायच्या आदी एकदा पान्यावर जायचंय. बादलीतलं पानी बगून कंटालले मी."

काकू करावे गावच्या. लहानपणी बापाच्या होडीत बसून खाडीत जाळी टाकलेल्या. गॅलरीतून खाडीची एक पट्टी दिसते, मधले टॉवर सोडून जेवढी उरली तेवढी.

आतून तात्यांचा आवाज आला, "आदी बोट पास होऊ दे."

म्हणून ही भेट. बुकिंगआधी बोट आतून दाखवायची कंपनीची पद्धत होती. धक्क्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पोतं पाहिलं.

"चाचा, चावल अंदर नहीं जाएगा."

"चावल नाय, मिसेस हाय," तात्या म्हणाले आणि चालू लागले.

बोट दाखवणाऱ्या बाईंनी कागदी हसू लावलं होतं. बोट लहान. जेवणाचा हॉल आमच्या क्लब हाऊसएवढा, पोहण्याचा तलाव सोसायटीच्या टाकीएवढा, व्यायामशाळेत धावायची दोन यंत्रं, त्यातलं एक बंद. वाचनालय म्हणजे एक कपाट, कुलूप लावलेलं. माहितीपत्रकात प्रत्येक गोष्टीपुढे 'भव्य' लिहिलं होतं. कुलकर्णींनी बुफे किती वाजता सुरू होतो, एवढंच विचारलं, तेही तीनदा.

तात्या मात्र कामाला लागले. केबिनच्या दारातून खुर्ची नेली. गेली. बाथरूमचा उंबरा पाहिला. उंबराच नव्हता. भिंतीला धरायला दांडा होता, त्याला तात्या अक्षरशः लोंबकळले. दांडा हलला नाही. लिफ्टमध्ये खुर्ची फिरवली. फिरली.

"पास?" मी विचारलं.

"बगू."

डेकवर आलो. समोर उघडा समुद्र. तात्यांनी खुर्ची कठड्याशी नेली, पोत्याचं तोंड पाण्याकडे केलं आणि वाकून कठड्याची उंची पाहिली. बसलेल्या माणसाला पलीकडचं दिसत होतं.

"तात्या, आता काय राहिलं? पासच की!" कुलकर्णी म्हणाले. "काकूंना सांगा, साडी काढून ठेवा."

तात्या पोत्याचा पट्टा पुन्हा आवळू लागले. आयुष्यात पहिल्यांदा एक जागा पास झाली होती, आणि त्यांचं तोंड नापास झालेल्या पोरासारखं.

बोटीवरून धक्क्यावर उतरताना फळीचा उतार होता. दोन्ही बाजूंना कठडे, खाली खरखरीत पट्टी, फळीही पास. अर्ध्यावर तात्यांचे हात थरथरले आणि मुठी उघडल्या. खुर्ची सुटली, खालच्या खांबावर आदळली, कलंडली. पट्टा टिकला, पोतं फाटलं. तांदूळ धक्काभर पसरला.

"काही हरकत नाही सर, तांदूळच आहे," बाई वरून म्हणाल्या. "झाडून घेतील."

"हात लावायचा नाय कुनी!" तात्या ओरडले. खाली बसले आणि ओंजळीने तांदूळ गोळा करू लागले. ओंजळीतूनही निम्मा सांडत होता.

मी शेजारी बसले. "तात्या, हे हात कधीपासून?"

"पुतन्याच्या लग्नाआदीपासून."

"अहो, मग आम्ही आहोत ना! चौघं मिळून धरू खुर्ची."

"चौघांनी धरायचा टायम यील तवा धरा." त्यांनी वर पाहिलं नाही. "तोवर माजीच हाय ती."

मी फाटकं पोतं त्यांच्या ओंजळीखाली धरलं.

परतताना गाडीत फाटकं पोतं मांडीवर घेऊन ते बसले होते. आमचं सीवूड्स आलं तसे म्हणाले, "तुमीच सांगा तिला. माजं खरं नाय वाटत तिला आता. सांगा, दार लहान होतं."

काकू गॅलरीत होत्या. केस विंचरलेले. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हातांनी वल्हं मारल्यासारखं करून विचारलं: काय झालं?

मी हातानेच 'येते वर' असं सांगितलं.

आजच्या कामांपैकी बोट पाहणे झालं. बुफेची वेळ विचारणे झालं. कंपनीला माणसांचा आकडा उद्या कळवायचा आहे. त्याआधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकूंना सांगायचं आहे. काय सांगायचं, ते ठरलेलं नाही. लिफ्ट दोनदा खाली येऊन मला न घेता परत गेली.